लाल समुद्रात नांगर पडला अन् त्रिमूर्ती नगरात कॉल अटकला

विचारा, भाऊ सांगतील

मागच्या अंकात राउटरच्या एका प्रश्नाला उत्तर देता देता मी सहज लिहून गेलो, की आपलं नागपूरचं इंटरनेट शेवटी समुद्राच्या तळाशी पडलेल्या अंगठ्याएवढ्या जाड केबलवर चालते आणि ती केबल एखादं जहाज नुसता नांगर ओढत गेलं तरी तुटते. बस्स, तेवढ्या एका वाक्यावर पत्रांचा ढीग येऊन पडला. म्हणून या वेळचं सगळं पान समुद्राला. आधीच सांगून ठेवतो, माझा जन्म गेला विदर्भात ओएफसीचे, म्हणजे काचेच्या धाग्याच्या केबलचे, जॉइंट मारण्यात, समुद्र मी पाहिला तो सहलीला, गुडघाभर पाण्यात उभं राहून. पण काचेचा धागा जमिनीत असो की पाण्यात, नखरे तेच.

भाऊ, मी मिहानमधल्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. सप्टेंबर २०२५ मध्ये जर्मनीच्या क्लायंटसोबतचे आमचे कॉल चार-पाच दिवस अटकून राहिले होते, आवाज तुटायचा, स्क्रीन शेअर केली की गोठायची. नेटवाल्याला फोन केला तर म्हणे मॅडम, लाल समुद्रात केबल तुटली. मॅनेजरला तेच सांगितलं तर तो हसला. आणि त्याच वेळी शेजारच्या खोलीत सासूबाई यूट्यूबवर कीर्तन ऐकत होत्या, ते एकदाही अटकलं नाही! मग खरं काय समजायचं? (एक आयटीवाली, त्रिमूर्ती नगर)

ताई, नेटवाल्यावर विश्वास ठेवायची वेळ क्वचित येते, पण या वेळी तो खरं बोलला. ६ सप्टेंबर २०२५ ला सौदीच्या जेद्दाहजवळ समुद्रात दोन केबल तुटल्या, एक सी-मी-वी-४ आणि दुसरी आयएमईडब्ल्यूई, दोन्ही मुंबईला येणाऱ्या. मायक्रोसॉफ्टनेसुद्धा तेव्हा जाहीर करून टाकलं होतं की मध्यपूर्वेतून जाणारा आमच्या क्लाउडचा ट्रॅफिक स्लो राहील. मॅनेजरसाहेबांनी हसण्याआधी बातम्या पाहिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता रस्ता पाहा. तुमचा आवाज त्रिमूर्ती नगरातून निघाला, नेटवाल्याच्या एक्सचेंजला गेला, तिथून रेल्वेच्या रुळाकाठी नाहीतर हायवेच्या कडेला पुरलेल्या फायबरवरून मुंबई. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून केबल पाण्यात उतरते, अरबी समुद्र ओलांडते, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून लाल समुद्रात शिरते, वरती इजिप्तमध्ये थोडी जमिनीवरून जाते आणि भूमध्य समुद्रातून जाऊन फ्रान्सच्या मार्सेलला बाहेर निघते. ती सामुद्रधुनी रुंद किती, तर साधारण ३० किलोमीटर. म्हणजे नागपूर ते बुटीबोरी. भारतातून युरोपात जाणाऱ्या बहुतेक केबल एवढ्याच गल्लीतून जातात आणि त्यांच्या डोक्यावरून जगभरची मालवाहू जहाजं नांगर सोडत-उचलत फिरत असतात. मला विचाराल तर सगळ्या भानगडीचं मूळ इथेच आहे, केबल नाजूक असण्यात तेवढं नाही जेवढं सगळ्या केबल एकाच बोळातून नेण्यात आहे.

तुमचा कॉल बंद का नाही पडला, नुसता अटकला का? तर एक रस्ता बंद झाला की राउटर आपोआप दुसरा शोधतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, त्यामुळे मुंबईहून युरोपात जाऊन परत यायला एरवी शंभर-सव्वाशे मिलिसेकंद लागतात. पण लाल समुद्राचा रस्ता बंद झाला की तोच डेटा कधी सिंगापूरकडून पॅसिफिक ओलांडून अमेरिकेमार्गे युरोपात जातो, उलटी पृथ्वीप्रदक्षिणाच म्हणा नं, आणि मग पाव सेकंद, कधी त्याहून जास्त लागते. त्यात सगळ्यांचा ट्रॅफिक त्याच उरलेल्या रस्त्यांवर, समृद्धीवर अपघात झाला की सगळ्या गाड्या जुन्या रोडने घुसतात तसा. ईमेलला पाव सेकंदाने काही होत नाही, पण बोलण्यात होते, तुम्ही हॅलो म्हणता आणि समोरचाही नेमका तेव्हाच हॅलो म्हणतो.

आणि कीर्तन? ते लाल समुद्रातून आलंच नाही. लोक जे जास्त पाहतात त्याची कॉपी यूट्यूबवाले देशातच, पुष्कळदा नेटवाल्याच्याच सर्व्हरवर ठेवून देतात. सासूबाईंचे महाराज मुंबईतल्या नाहीतर इथल्याच कुठल्या रॅकमधून बोलत होते.

इंटरनेट तर उपग्रहावरून येतं असं मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. आता तुम्ही केबल म्हणता. (एक निवृत्त मास्तर, महाल)

सर, पाया पडतो, पण खंडाखंडांमधला ९५ टक्क्यांहून जास्त डेटा समुद्राखालूनच जातो. जुने मोठे उपग्रह ३६ हजार किलोमीटरवर, तिथवर जाऊन यायलाच पाव सेकंद, म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला अर्धा सेकंद जातो. नवे खालच्या कक्षेतले उपग्रह जवळ आहेत, जंगलात-डोंगरात कामाचेही आहेत, पण माल किती वाहणार? अमेरिका ते स्पेन अशी मारेया नावाची एकच केबल आहे, ती सेकंदाला १६० टेराबिट वाहील अशा हिशोबाने बांधली. बैलगाडी आणि मालगाडीचा फरक समजा. आपलं अंदमान बघा नं, २०२० पर्यंत तिथे सगळं उपग्रहावर चालायचं, एक फोटो पाठवायला चहा पिऊन व्हायचा. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून सुमारे २३०० किलोमीटरची केबल सुरू झाली तेव्हा कुठे तिथल्या लोकांना व्हिडिओ कॉल काय असतो ते कळलं.

सर, एक जहाज नांगर टाकतं आणि देशाचं नेट जातं हे पिक्चरसारखं वाटतं. खरंच मुद्दाम कापतात का मीडिया उगाच हवा करून राहिला? आणि मुद्दाम कापत असतील तर पकडत काऊन नाही? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

बाळा, तुझा प्रश्न सगळ्यात अवघड, म्हणून उत्तरही लांब.

आधी थंड डोक्याने आकडा ऐक. जगभरात समुद्रातल्या केबलमध्ये वर्षाला दीडशे-दोनशे फॉल्ट होतात. म्हणजे आठवड्याला तीन-चार. आत्ता तू हे वाचतोस तेव्हाही कुठेतरी एखादी तुटलेली असेलच. त्यातले ७० ते ८० टक्के मासेमारीच्या जाळ्यांनी आणि जहाजांच्या नांगरांनी, चुकून. उरलेले भूकंप, समुद्रातल्या दरडी, केबलचंच म्हातारपण. २००६ च्या डिसेंबरात तैवानजवळ भूकंप झाला तर एका रात्रीत कितीतरी केबल गेल्या, २०२२ मध्ये टोंगाजवळ ज्वालामुखी फुटला आणि त्या देशाची बाहेर जाणारी एकमेव केबल पाच आठवडे बंद. यात कोणाचा कट नाही.

पण मुद्दाम कापणं काही नवीन नाही, उलट फार जुनं आहे. ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं त्याच्या काही तासांतच, ५ ऑगस्ट १९१४ च्या पहाटे, अलर्ट नावाच्या ब्रिटिश जहाजाने इंग्लिश खाडीत जर्मनीच्या पाच केबल कापून टाकल्या. तोफ-बंदूक नंतर, आधी तार कापली. जर्मनांनीही तेच केलं. एमडन ऐकलंय का? मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका, सप्टेंबर १९१४. तीच पुढे ९ नोव्हेंबरला हिंदी महासागरातल्या कोकोस बेटांवर गेली, माणसं उतरवली, तारायंत्राचं स्टेशन फोडलं आणि केबलवर घाव घातले. सांगतात की तिथल्या कर्मचाऱ्यांनी जर्मनांना विनंती केली, वायरलेसचा खांब पाडा पण आमच्या टेनिस कोर्टवर पाडू नका, आणि त्यांनी ती मानली. पण तोवर अनोळखी जहाज आल्याचा मेसेज बाहेर गेला होता, ऑस्ट्रेलियाची सिडनी नावाची युद्धनौका आली आणि एमडन तिथेच संपली.

आता आजचं. बाल्टिक समुद्रात नोव्हेंबर २०२४ मध्ये दोन दिवसांत दोन केबल तुटल्या, एक स्वीडन-लिथुआनिया, एक फिनलंड-जर्मनी. संशय यी पेंग ३ या चिनी जहाजावर, रशियाच्या बंदरातून निघालेलं. ते महिनाभर डेन्मार्क-स्वीडनमधल्या समुद्रात उभं राहिलं, चौकशी झाली, आणि शेवटी स्वीडनच्या अपघात चौकशीवाल्यांना मुद्दाम केलं की चुकून झालं हे नक्की सांगता आलं नाही. मग त्याच वर्षी नाताळच्या दिवशी ईगल एस नावाचं तेलाचं जहाज, झेंडा कुक आयलंड्सचा, फिनलंड आणि एस्टोनियामधली विजेची केबल आणि चार टेलिकॉमच्या केबल तोडून गेलं. तळावर नांगराची ओरखड किती लांब? जवळपास ९० किलोमीटर. म्हणजे इथून वर्ध्याच्या पुढे जाईपर्यंत नांगर खाली लोंबतोय आणि कॅप्टन म्हणतो मला कळलंच नाही! फिनलंडवाल्यांनी हेलिकॉप्टरने जहाजावर माणसं उतरवून ते ताब्यात घेतलं, कॅप्टन आणि दोन अधिकाऱ्यांवर केस केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या कोर्टाने काय म्हणावं? की हे आमच्या अधिकारात येत नाही, केस काढून टाकली.

काऊन, तर इथे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत देशाचा कायदा पूर्ण चालतो. त्याच्या बाहेर केबल तुटली तर जहाजावर ज्या देशाचा झेंडा त्या देशाने कारवाई करावी असा नियम आहे, १८८४ च्या पॅरिसच्या कराराचंही वळण तेच आणि १९८२ च्या सागरी कायद्याचंही. आणि झेंडा कोणाचा? मालक एका देशाचा, खलाशी दुसऱ्या, तेल तिसऱ्याचं, झेंडा चौथ्याच कुठल्या चिमुकल्या बेटाचा, ज्याने ते जहाज आयुष्यात पाहिलं नसेल. गाडी नागपुरात ठोकली, पासिंग भलत्याच राज्याची, आणि पोलीस म्हणतात केस तिकडेच जाऊन करा, तसला प्रकार.

प्रत्येक वेळी सुटतातच असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये तैवान आणि पेंघू बेटांमधली केबल हाँग ताय ५८ या जहाजाने तोडली, ते तैवानच्या तटरक्षकांना जागेवरच सापडलं, आणि जूनमध्ये चिनी कॅप्टनला तीन वर्षांची शिक्षा झाली. उलट उदाहरणही आहे, जानेवारी २०२५ मध्ये लाटव्हिया-स्वीडन केबल तुटली तेव्हा वेझेन नावाचं जहाज स्वीडनने धरलं, सगळीकडे घातपात-घातपात झालं, आणि तपासात निघालं की वादळ, खराब सामान आणि खलाशांचा हलगर्जीपणा. सोडून दिलं.

म्हणजे मीडिया हवा करतो का? थोडी करतो. पण माझं मत विचारशील तर धोका खराच आहे, आणि तो असा आहे की इथे चूक आणि कट दिसायला सेम टू सेम असतात. बॉम्ब लावला तर बॉम्ब सापडतो. नांगर सुटला तर नांगर सुटला, मालकाने मुद्दाम सोडायला लावला की साखळीचा ब्रेक ढिला होता हे तळावरची ओरखड थोडीच सांगते. ज्याला दुसऱ्या देशाला त्रास द्यायचा आणि हातही वर करायचे, त्याला याहून स्वस्त हत्यार नाही. तैवानच्या मात्सू बेटांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा दिवसांच्या आत दोन्ही केबल तुटल्या, एकदा मासेमारीची बोट, एकदा मालवाहू जहाज, असा संशय. लोकांनी पन्नासेक दिवस रडतखडत नेट वापरलं. अपघात? असेलही बाप्पा. पण दोन्ही, सहा दिवसांत?

आणि कधी कधी तर हेतू एकाचा असतो आणि नुकसान भलत्याचंच. फेब्रुवारी २०२४, येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्रात रुबीमार नावाच्या खताच्या जहाजाला क्षेपणास्त्र मारलं. खलाशी जहाज सोडून गेले, ते नांगर ओढत वाहत राहिलं, आणि त्या भागातल्या तीन केबल गेल्या, बहुधा त्याच नांगराने. मारणाऱ्याला जहाज मारायचं होतं, त्रास आशिया-युरोपच्या डेटाला झाला. वरून तो युद्धाचा भाग, दुरुस्तीचं जहाज जाणार कसं? महिनोन्‌महिने गेले.

केबल शार्क खातात का? माझा मित्र म्हणतो हो. (आठवीतला मुलगा, नंदनवन)

मित्राला सांग, चावतात, खात नाहीत. १९८० च्या दशकात कॅनरी बेटांजवळच्या केबलमध्ये शार्कचे दात सापडले होते, तेव्हापासून ही गोष्ट चालू आहे. पण सगळ्या फॉल्टमध्ये माशांचा वाटा हजारात एकसुद्धा नाही. माणूस जास्त खातो. २००७ मध्ये व्हिएतनामजवळ लोकांनी चालू केबलचे लांबच लांब तुकडे कापून भंगारात विकले होते.

मी शिवणकाम करते. धागा तुटला की मी गाठ मारते. तुम्ही काचेच्या धाग्याला काय करता, आणि ते पण समुद्राच्या तळाशी? (एक ताई, प्रतापनगर)

ताई, हा प्रश्न मला सगळ्यात आवडला, कारण याचं उत्तर माझ्या बोटांना माहीत आहे.

गाठ चालत नाही, काच वितळवून जोडावी लागते. मे महिना, वर्धा रोड, दुपारचे दोन. खोदलेल्या खड्ड्यात मी बसलेलो, वर चादरीचा मांडव, एक पोरगा नुसती धूळ येऊ नये म्हणून चादर धरून उभा. केबलचं वरचं साल काढायचं, आतली नळी कापायची, जेल पुसायचं, मग केसाएवढा धागा हातात येतो. त्यावरचा रंग सोलायचा, स्पिरिटने पुसायचा, क्लीव्हरने टोक अगदी सपाट तोडायचं. बोटाला घाम असला की संपलं. मग दोन टोकं स्प्लाइस मशीनमध्ये समोरासमोर ठेवायची, स्क्रीनवर ती मोठी होऊन दिसतात, एक ठिणगी पडते आणि दोन्ही एक होतात. मशीन लॉस दाखवते, म्हणजे जोडात किती प्रकाश वाया गेला ते, ०.०२ आला की जीव भांड्यात. ०.३ आला की पुन्हा तोड, पुन्हा सोल. असे २४ नाहीतर ४८ धागे, एकामागून एक. तुम्ही सुईत दोरा ओवता तेव्हा श्वास रोखता नं, तसं दिवसभर.

समुद्रातही शेवटी हेच, फक्त खड्ड्याऐवजी जहाज. समुद्रातल्या केबलमध्ये धागे तर आपल्या जमिनीवरच्या केबलपेक्षाही कमी असतात, पण भोवती कपडे फार. मधे धागे, मग जेल, पोलादी तारा, तांब्याची नळी, वर पॉलिथिन. खोल समुद्रात एवढंच, साधारण बागेतल्या पाण्याच्या पाइपाएवढं. किनाऱ्याजवळ जिथे नांगर-जाळी जास्त तिथे वरून पोलादी तारांचं आणखी चिलखत. तांबं कशाला, तर दर साठ ते शंभर किलोमीटरवर सिग्नल वाढवणारी यंत्रं बसवलेली असतात, त्यांना किनाऱ्यावरून हजारो व्होल्टने वीज द्यावी लागते.

तुटली की आधी किनाऱ्यावरून प्रकाशाचा झटका सोडून तो किती वेळात परत येतो ते मोजतात, त्यावरून तूट किती दूर ते कळते (तेच आमचं ओटीडीआर मशीन, मीही तेच घेऊन फिरायचो, फक्त माझी तूट बडनेऱ्याला असायची). मग केबल जहाज निघते. असली जहाजं जगात मोजकीच, पन्नास-साठ. जागेवर गेल्यावर लोखंडी गळ तळाशी सोडून केबल धुंडाळतात, विहिरीत पडलेली कळशी गळाने काढतात तश्शी. खोल समुद्रात केबल तणावाखाली वर येऊ शकत नाही म्हणून आधी ती कापतात, एक टोक वर आणून बोयाला, म्हणजे तरंगत्या खुणेला, बांधून सोडून देतात, मग दुसरं टोक शोधतात. मधे नवा तुकडा घालतात, कारण जुनी लांबी पुरत नाही. जोडाचं काम जहाजावरच्या बंद खोलीत, एक जॉइंट पूर्ण व्हायला एक दिवस जाऊ शकतो, वरचं पॉलिथिन ओतल्यावर त्याचा एक्स-रे काढतात की आत बुडबुडा तर नाही राहिला. समुद्र खवळला तर सगळं थांबते. प्रत्यक्ष जोडण्यापेक्षा जहाज मोकळं मिळणं, ते तिथवर पोचणं, त्या देशाची परवानगी येणं, यातच खरे दिवस जातात.

आणि ताई, आम्हाला चहा तरी मिळायचा खड्ड्याच्या काठी.

आता दुकानात निम्म्याच्या वर पैसा मोबाइलवरून येते. कोणी मुंबईच्या केबल कापल्या तर माझं यूपीआय बंद पडेल का? गल्ल्यात रोकड ठेवू का? (किराणा दुकानदार, इतवारी)

भाऊ, रोकड थोडी ठेवाच, पण ती समुद्रासाठी नाही, गावातलं नेटवर्क बसते त्यासाठी. यूपीआयचा व्यवहार देशातल्या देशात होतो, तुमच्या गिऱ्हाइकाची बँक, मधलं एनपीसीआय (यूपीआय चालवणारी संस्था), तुमची बँक, सगळे सर्व्हर भारतात. पेमेंटचा डेटा भारतातच साठवा असा आदेश रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच काढला आहे. त्यामुळे बाहेरच्या केबल तुटल्या तरी साखरेचे पैसे यायला अडचण यायला नको. हां, एखाद्या ॲपचा काही भाग परदेशातल्या सर्व्हरवर असला तर ते ॲप रडेल, तेव्हा दुसरं ॲप उघडा.

देशाचं म्हणाल तर काळजी आहे. ट्राय म्हणजे टेलिकॉमवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०२३ च्या कागदांत भारतात येणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबल १७ आणि त्या उतरतात ती स्टेशनं १४, मुंबई, चेन्नई, कोची, तुतिकोरिन, त्रिवेंद्रम. एवढा मोठा देश आणि दारं पाचच गावांत, त्यातही पश्चिमेकडची बहुतेक मुंबईच्या वर्सोव्याच्या एका पट्ट्यात दाटीवाटीने. इतवारीत एकाच बोळात सगळी गोदामं आणि बोळाच्या तोंडाशी एक ट्रक फसला, की काय होते ते तुम्हाला मी सांगायला नको.

२००८ आठवते? ३० जानेवारीला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल गेल्या आणि भारताची बाहेरची निम्म्याच्या आसपास क्षमता एका झटक्यात कमी झाली. दोन दिवसांनी दुबईकडे आणखी एक. तेव्हा कटाच्या इतक्या गोष्टी उठल्या की विचारू नका, आमच्या ऑफिसात तर अमेरिका इराणवर हल्ला करणार हे ठरूनच गेलं होतं. दुबईजवळच्या त्या केबलपाशी काय सापडलं, तर पाच-सहा टनांचा बेवारस नांगर. पुढे २०१३ मध्ये मात्र अलेक्झांड्रियाजवळ इजिप्तच्या नौदलाने केबल कापताना तीन पाणबुडे रंगेहाथ धरल्याचं जाहीर केलं, केबल तीच, सी-मी-वी-४. म्हणजे २०२५ ला त्या आयटीवाल्या ताईंचा कॉल अटकवणारीसुद्धा हीच. बिचाऱ्या केबलच्या नशिबात काय लिहिलंय कोण जाणे.

२००८ पेक्षा आज केबल जास्त आहेत, पुष्कळसा माल देशातच साठवलेला आहे, त्यामुळे तेवढा फटका बसणार नाही. पण दुरुस्तीचं आपल्या झेंड्याचं जहाज ठेवा असं ट्रायला २०२३ मध्ये सांगावं लागलं, तोवर बाहेरच्या जहाजाची वाट पाहायची आणि त्याला आपल्या पाण्यात यायला चार खात्यांच्या परवानग्या. ॲम्ब्युलन्स दुसऱ्या गावची आणि गेटवर एंट्री करा म्हणतात. मला हे नांगरापेक्षा जास्त खुपते.

या केबलचे नकाशे कोणालाही पाहायला मिळतात असं नातवाने दाखवलं. हे लपवत का नाहीत? नौदलाचा पहारा का नाही? (निवृत्त फौजी, कामठी)

साहेब, लपवले तर जास्त तुटतील. शंभरातल्या सत्तर-ऐंशी वेळा तोडणारा तो आहे ज्याला तोडायची नव्हती. मच्छीमाराला आणि कॅप्टनला केबल कुठे आहे हे कळलंच पाहिजे, म्हणून सागरी नकाशांवर ती छापावीच लागते. लोक पाहतात ते नकाशे तसेही ढोबळ असतात, रेषा फक्त दिशा सांगते. आणि ज्याला मुद्दाम करायचं त्याच्याकडे सरकारी पाणबुड्या असतात, त्याला नातवाच्या मोबाइलची गरज नाही. १९७१ मध्ये अमेरिकेच्या हॅलिबट पाणबुडीने ओखोत्स्कच्या समुद्रात रशियाच्या नौदलाची केबल शोधून तिच्यावर ऐकायचं यंत्र बसवलं, तेव्हा कुठे होते नकाशे? वर्षानुवर्षं ऐकत राहिले, अमेरिकेच्याच एका फितुराने पैशासाठी सांगितलं तेव्हा रशियाला पत्ता लागला.

पहाऱ्याचं म्हणाल तर सगळ्या केबल मिळून १४ लाख किलोमीटरच्या वर जातात, जगातली सगळी नौदलं उभी केली तरी पुरायची नाहीत. बाल्टिकसारख्या तळ्याएवढ्या समुद्रात जमते, नाटोने जानेवारी २०२५ पासून तिथे जहाजं, विमानं, ड्रोन लावले आहेत. बाकी ठिकाणी एकच उपाय, केबल जास्त टाका आणि एका वाटेने नेऊ नका. तुम्हीच सांगा, रसद कधी एकाच पुलावरून नेली होती का?

समुद्राचं काय घेऊन बसले हो? आमच्या इथे सिमेंट रोडचं काम चालू आहे, जेसीबीवाला पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा केबल तोडून गेला. त्यावर लिहा! (वैतागलेला वाचक, मनीषनगर)

लिहितो भाऊ, तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. जमिनीवरच्या तुटी समुद्रापेक्षा कितीतरी जास्त, आणि आपल्या गावात तर रोड झाला की पाइपलाइन आठवते, पाइपलाइन झाली की गटार. आम्ही केबलच्या वर वीतभर पिवळी वॉर्निंग टेप टाकायचो, खाली केबल आहे म्हणून लिहिलेली. एकदा मी खड्ड्यात उतरलो तर जेसीबीच्या दाताला तीच टेप लटकलेली, वाऱ्यावर हलून राहिली होती, आणि ड्रायव्हर मलाच विचारतो, हे काय निघालं साहेब?

आणि हे फक्त आपल्याकडेच होते असं नका समजू. २०११ मध्ये जॉर्जियात ७५ वर्षांची एक म्हातारी तांबं मिळेल म्हणून फावड्याने खोदत होती, तिचं फावडं फायबरवर बसलं आणि शेजारच्या आर्मेनियाचं बहुतेक इंटरनेट काही तास गेलं. पाणबुडी नाही, नांगर नाही, फावडं.

तुमच्यासाठी करण्यासारखं एवढंच, की चौथ्यांदा मशीन गल्लीत शिरेल तेव्हा नेटवाल्याला आधी फोन लावा, त्यांच्या माणसाला जागेवर उभा करा, आणि ड्रायव्हरला चहा पाजून केबल कुठून गेली ते चुन्याची रेघ मारून दाखवा. मी रिटायर होईपर्यंत हेच करत होतो. चुना खिशात ठेवायचो, खायचाही आणि रेघ मारायचाही.